वरच्या माळ्यावरची बेबीताई

सदाशिवराव ढोक्यांनी पांढरकवड्यात हमरस्त्याला लागून घर बांधायला काढलं, तेव्हा खालच्या खोल्या उभ्या होईस्तोवर हातातला पैसा सरला. माडीचं मात्र साऱ्या गावाला सांगून झालं होतं.

धरमसिंग मिस्त्री थापी धुता धुता म्हणाला, "आता काम थांबवा मालक. पुढच्या कापसावर पाहू."

"थांबवलं तं लोक काय म्हणतीन?" सदाशिवराव म्हणाले. "तू असं कर, वरची समोरची भिंत तेवढी चढव. लोकाईले घर समोरूनच दिसते."

मिस्त्रीने दोनदा विचारून खात्री केली आणि भिंत चढवली. तिला लाकडी चौकटीच्या उंच खिडक्या बसवल्या, खिडक्यांना लाल-हिरव्या काचा लावल्या. वर चुन्याचे दोन मोर काढले आणि मोरांच्या मधोमध सन १९५८ असं कोरलं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती पांढरकवड्यातली सगळ्यात देखणी माडी वाटे. भिंतीच्या मागे मात्र खोली नव्हती, छप्परही नव्हतं. खालच्या घराची मोकळी गच्ची, भिंत पडू नये म्हणून लावलेले सागवानी टेकू आणि वर आभाळ. घराच्या एका बाजूला कापसाच्या जिनिंग कारखान्याची उंच भिंत होती, दुसऱ्या बाजूला दाट चिंचेचं झाड, आणि मागे खुनी नदीचा उतार. त्यामुळे मागचं कुणाला दिसत नव्हतं.

मूळ गावी सदाशिवरावांकडे बापाची काळी जमीन होती. गावातली सगळ्यात चांगली. तिचा एक तुकडा ट्रकसाठी गेला, दुसरा या घरासाठी. उरलेला हळूहळू गॅबर्डिनचे कोट, पानाचा चांदीचा डबा आणि बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जेवणावळी यांत जात होता. ते वाईट माणूस नव्हते. कुणी दारात आलं तर उपाशी जाऊ देत नसत. पण आपल्याकडे लोकांनी मान वर करून पाहावं, ही एकच भूक त्यांना होती, आणि तिच्यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

माडी उभी राहिली, पण संध्याकाळ झाली की खालच्या घरात दिवे लागत आणि वरच्या खिडक्या काळ्याठिक्कर राहत. चहाच्या टपरीवर एक ड्रायव्हर म्हणाला, "वर कोणी राहत नाही का?" सदाशिवरावांनी ते ऐकलं. त्याच दिवशी त्यांनी अंगणातून गच्चीवर जायला शिडी लावली आणि बायकोला, विमलताईला सांगितलं, "दिवेलागणीले कंदील घेऊन वर जात जाय. काचेमांगं जराशी फिरजो. अन् मंग खाली येजो."

विमलताई बोलणारी बाई नव्हती. ती कंदील घेऊन वर गेली. लाल काच उजळली, मग हिरवी, मग पुन्हा लाल, आणि रस्त्यावरच्या लोकांना पदर घेतलेल्या बाईची सावली दिसली.

एका व्यापाऱ्याने सुपारी फोडता फोडता विचारलं, "वर कोण असतं हो?"

सदाशिवरावांच्या तोंडून निघून गेलं, "माही मोठी बहीण. बेबीबाई. लहानपणीच विधवा झाली बिचारी. आख्खा माळा तिलेच देला. पूजापाठात राह्यते, खाली उतरत नाई."

व्यापाऱ्याने हात जोडले. "भाऊ असावा तर असा."

हे वाक्य सदाशिवरावांना फार गोड लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला एक पांढरं, बिनकाठाचं पातळ आणून दिलं.

विमलताईचा चेहरा उतरला. "मी सवाष्ण बाई. हे कायले नेसू?"

"नेसू नको. वर जातानी अंगावरून घे फक्त. सावलीच तं हाय."

बेबीताई खरोखर होती. सदाशिवरावांहून मोठी, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. बापाने मरताना तिच्या नावाने बरड लावून दिली होती. बरड म्हणजे गावाबाहेरचा टेकडीचा उतार. नुसते दगड, मुरूम आणि पळसाची खुंटं. तिथे ज्वारीसुद्धा गुडघ्याच्या वर जात नसे. सदाशिवराव शहरात आले तेव्हा तिने यायला नकार दिला आणि बरडीवरच झोपडी घातली.

तिथे तिच्या सोबतीला डोमाजी आणि त्याची बायको रुखमाबाई होती. छप्पन साली डोमाजी नागपूरला जाऊन बौद्ध झाला. परत आल्यावर त्याने गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढायला नाही म्हटलं, आणि गावाने त्याला मजुरीला बोलावणं बंद केलं. बेबीताईने त्याला बोलावलं.

"मजुरी द्याले माह्यापाशी काई नाई," ती म्हणाली. "पण या नाल्यात आपण तिघंबी दगडाचे बांध घालू. पावसाचा गाळ जिथं अडन, तिथं वावर होईन. जेवढं होईन, त्याच्यातलं अर्धं तुमचं. पंचाईतीत सांगतो मी तसं."

डोमाजीने टेकडीकडे पाहिलं. "हे होयाले लई वर्सं लागतीन, बेबीताई."

"मंग? कुठी जायाचं हाय आपल्याले?"

उन्हाळाभर ते दगड वेचत. नाल्यात आडवे रचत. पावसाळ्यात वरच्या रानातून लाल पाणी धावत येई, बांधाला अडून थबके, आणि ओसरल्यावर मागे बोटभर मऊ गाळ ठेवून जाई. एका वर्षी बांध फुटला आणि सगळा गाळ वाहून गेला. रुखमाबाई त्या दिवशी दगडावर बसून रडली. दुसऱ्या दिवशी तिनेच पहिला दगड परत लावला. हळूहळू नाल्यात पायऱ्यांसारखे काळे पट्टे तयार झाले. पहिल्यात मिरची झाली, मग तूर, मग कापूस. बेबीताईच्या अंगावर मात्र तेच जुनं लुगडं होतं. बाजाराला डोमाजी जाई. ती पांढरकवड्यात क्वचितच आली होती, त्यामुळे शहरात तिचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. गावातले लोक शहरात येत, माडीच्या खिडकीत हलणाऱ्या सावलीचं नाव ऐकत, आणि गप्प राहत. त्यांचा कापूस सदाशिवरावांच्या ट्रकने जात होता.

इकडे माडीवरची बेबीताई मोठी होत चालली.

शेजारच्या सोनीबाईचं लेकरू तापाने फणफणलं होतं. ती संध्याकाळी लेकराला घेऊन रस्त्यावर उभी राहिली आणि वर पाहून म्हणाली, "माय, माह्या लेकरावर हात ठेव." विमलताई लाल काचेमागे थिजली. तिला काही सुचलं नाही, म्हणून तिने हात वर केला. लेकरू बरं झालं. मग बायका सोमवारी फुलं, नारळ, खीर-पुरी घेऊन येऊ लागल्या. "बेबीताईंना वर द्या," असं म्हणत आणि खालून नमस्कार करून जात. आलेली खीर-पुरी सदाशिवराव खाली खाऊ देत नसत. "तिच्या नावाची हाय, वरच खा," असं म्हणत. विमलताई पांढरं पातळ पांघरून, आभाळाखाली एकटी बसून ती खीर खाई.

आधी तिला भीती वाटे. मग तिला वर जाण्याची ओढ लागली. खाली तिला कुणी विचारत नव्हतं. वर तिच्या एका हाताच्या हालचालीवर बायका डोळे पुसत होत्या. ती कंदील विझवून उशिरा उतरू लागली. उतरल्यावरही काही वेळ तिच्या चालण्यात कुणा म्हाताऱ्या बाईचा संथपणा राहत असे. तिची मुलगी हंसा सोळा-सतरा वर्षांची होती. एकदा तिने मागून हाक मारली, "आई!" विमलताई वळली नाही. हंसाने पुन्हा हाक मारली. शेवटी, का कोण जाणे, ती हलकेच म्हणाली, "आत्या?" आणि विमलताईने मान वळवली.

हंसा ते कुणाला बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती आईच्या जवळ निजेना.

एकसष्ट साली बाभुळगावचे पुंडलिकराव आपल्या मुलासाठी हंसाला पाहायला आले. मोठं शेतकरी घर होतं. घर पाहून ते खूश झाले, मुलगी पसंत पडली. उठता उठता त्यांची बायको म्हणाली, "आता बेबीताईंच्या पाया पडतो अन् निंगतो. त्याइच्या आशीर्वादाशिवाय मी सुपारी फोडत नाई."

सदाशिवरावांनी मौनव्रत सांगितलं. बाई म्हणाल्या, नुसतं दर्शन द्या. सदाशिवरावांनी आजारपण सांगितलं. बाई म्हणाल्या, मग तर भेटलंच पाहिजे, आम्ही बरं वाटल्यावर पुन्हा येतो. जाताना त्या खिडकीकडे पाहून हात जोडून गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सदाशिवराव बहिणीला नागपूरच्या दवाखान्यात नेतो म्हणून पहाटेच ट्रक घेऊन निघाले. ट्रकच्या पुढच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली गादी होती. परत आले ते डोकं भादरून. दारात येऊन त्यांनी हंबरडा फोडला. शेजारपाजार धावला. त्यांचं ते रडणं खोटं होतं असं पाहणारा एकही माणूस म्हणाला नसता. विमलताई आतल्या खोलीत उभी राहून ते ऐकत होती. तिने विचारलं, "कोन मेलं?"

"बेबीबाई," सदाशिवराव म्हणाले.



डोमाजी बाजारातून बरडीवर परत आला, मिरचीचं टोपलं खाली ठेवलं आणि नुसता उभा राहिला.

"काय झालं, डोमाजी?" बेबीताईने विचारलं.

"बाजारात बोलून राह्यले," तो म्हणाला. "तुमी मेल्या म्हनून."

बेबीताईला आधी हसू आलं. "कुठी मेली?"

"नागपूरच्या दवाखान्यात. परवा तेरवी हाय. साऱ्या पांढरकवड्याले जेवन."

रुखमाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "जाऊ नका, ताई. आपल्या तेरवीले कोनी जाते काय?"

बेबीताईने मिरचीचं टोपलं उचलून आत ठेवलं. मग म्हणाली, "मले पाह्यचं हाय, मी कशी होती थे."

तेरवीला अंगणात मांडव होता. पंगतीमागून पंगती उठत होत्या. दुपारच्या उन्हात बेबीताई चालत आली, हातपाय धुतले आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसली. कुणीच ओळखलं नाही. शेजारी सोनीबाई होती.

"तुमी पाह्यलं होतं काय त्याइले?" बेबीताईने विचारलं.

"पाह्यलं म्हंजे?" सोनीबाईचे डोळे भरून आले. "माह्या लेकराचा जीव वाचवला त्याइनं. गोऱ्यापान होत्या. हातात सोन्याच्या पाटल्या. लाल उजेडात कशा चमकत होत्या, काय सांगू! भावानं राणीवानी ठेवलं होतं. असा मरणबी सुखाचा आला."

बेबीताईने आपले हात पाहिले. नखांत गाळ होता. तिने ते पदराखाली घेतले. इतकी माणसं आपल्यासाठी रडताहेत, आणि त्यातलं एकही आपल्यासाठी रडत नाही, हे तिला कळलं. क्षणभर तिला खरोखर वाटलं की अशी कुणी बाई होती. गोरी, सोन्याने मढलेली, आणि ती गेली. आणि आपण कुणीच नाही.

लाडू वाढत विमलताई तिच्यापर्यंत आली. वर पाहिलं. परात कलली आणि एक लाडू घरंगळत मातीत गेला.

"वाढ ना, विमल," बेबीताई हळूच म्हणाली.

विमलताईने तिच्या पानात लाडू ठेवला. आणि एखाद्या मूर्तीपुढे नैवेद्य ठेवून मागे सरकावं, तशी ती मागे सरकली. तिच्या नजरेत ओळख नव्हती. भय होतं.

हात धुवायच्या जागी सदाशिवरावांनी बहिणीला गाठलं. भादरलेल्या डोक्यावर घाम होता.

"बाई, तुह्या पाया पडतो. पोरीचं लगन होयेपर्यंत इकडं दिसू नको. पुंडलिकराव बसेल हायेत तिकडं."

"मी काय होऊन मेली, सदाशिव?"

त्यांनी डोक्यावरचा घाम पुसला.

"सांग ना. मले मालूम पायजे."

"न्यूमोनिया," ते म्हणाले.

"तरास झाला काय मले?"

सदाशिवरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नाई," ते म्हणाले. "मी हात धरून बसलो होतो. शांत गेली तू." आणि बेबीताईच्या लक्षात आलं, की भाऊ आता खोटं बोलत नाही. त्याने ते सगळं पाहिलं आहे. दवाखान्यातली खाट, पांढरी चादर, हातातला गार पडत गेलेला हात. रस्त्यात कुठेतरी, त्या गुंडाळलेल्या गादीशेजारी बसून ट्रक हाकता हाकता, त्याने ते पाहिलं होतं.

तिने हंसाकडे एकदा पाहिलं आणि ती निघून गेली. पोरीचं लग्न तिला मोडायचं नव्हतं.

माडी त्या दिवसापासून अंधारात राहायला हवी होती. सदाशिवरावांनी कंदील फडताळात ठेवला, पांढरं पातळ नदीत सोडलं. शिडी मात्र तशीच राहिली. तेरवीनंतरच्या पहिल्याच सोमवारी दिवेलागणीला टपरीवरच्या लोकांनी वर पाहिलं, आणि चहाचे कप हातातच राहिले. लाल काचेमागे उजेड होता. पदर घेतलेली सावली या खिडकीतून त्या खिडकीत गेली.

लोक सदाशिवरावांना बोलवायला धावले. ते अंगणात आले, शिडीच्या पायथ्याशी उभे राहिले.

"वर कोन हाय?"

"मी," वरून आवाज आला.

"मी कोन?"

"मेली थे."

आवाज विमलताईचा नव्हता. असं निदान सदाशिवरावांना वाटलं. त्यांनी शिडीला हात लावला आणि मागे घेतला. तेव्हापासून ते संध्याकाळी घरात थांबेनात. सूर्य कलला की ट्रकमध्ये जाऊन बसत. पण बाहेर मात्र ते बहिणीच्या आत्म्याची गोष्ट सांगू लागले, आणि लांबून लांबून माणसं माडी पाहायला येऊ लागली. पूर्वी कधी आली नव्हती इतकी.

विमलताई आता दिवसाही वरून उतरत नव्हती. उन्हात टेकूच्या सावलीला बसून राहायची. हंसा शिडीवरून भाकर वर ठेवी. "आई, खाली ये ना," म्हणे. विमलताई म्हणे, "तुही आई खाली असन, पाह्य." अन्न तसंच वाळून जाई. खाल्लं तर फक्त बायकांनी नमस्कार करून ठेवलेलं खाई.

एके दिवशी सकाळी हंसा घरातून निघाली ती थेट बरडीवर गेली. वाट तिला नीट माहीत नव्हती. काट्यांनी पाय फाटले होते. बेबीताई तूर कापत होती.

"आत्या," हंसा म्हणाली, आणि पुढे बोलवेना. मग म्हणाली, "आईले कोनतरी धरलं. बाबा म्हन्तेत तुमी धरलं."

बेबीताईने विळा डोमाजीकडे दिला. "चाल," ती म्हणाली.

दोघी पोचल्या तेव्हा ऊन उतरत होतं. तो सोमवारच होता. रस्त्यावर बायकांची, ड्रायव्हरांची, खेड्यांतून आलेल्यांची गर्दी होती. सोनीबाई पुढे उभी होती. बेबीताई गर्दीच्या मागून अंगणात गेली आणि शिडी चढली.

वर पाऊल टाकल्यावर ती थांबली. तिने आजवर माडी रस्त्यावरूनसुद्धा नीट पाहिली नव्हती. तिच्या समोर गिलावा न केलेली विटांची पाठ होती, तिरपे टेकू होते, वाळलेल्या फुलांचा आणि नारळाच्या शेंड्यांचा ढीग होता. आणि त्या सगळ्यात तिच्या भावाची बायको गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, कंदील मांडीवर धरून. केस सुटलेले. कपाळ पुसलेलं.

"विमल," बेबीताईने हाक मारली.

विमलताईने वर पाहिलं. "तू मेली," ती समजुतीच्या स्वरात म्हणाली. "मी तुह्या तेरवीचं वाढलं."

"हो. मी जेवली. लाडू चांगले झाले होते."

"मंग इकडं कायले आली?"

बेबीताई तिच्याजवळ बसली. तिने विमलताईचा हात घेतला आणि आपल्या तळहातावर ठेवला. दगडांनी घट्टे पडलेला, चिरा गेलेला तो हात विमलताईने हळूहळू चाचपला. अंगठ्यापाशी तुरीच्या खुंटाने झालेली ताजी जखम होती. तिथे बोट लागलं तशी बेबीताईने "स्स" करून हात आखडला.

"दुखते?" विमलताईने विचारलं.

"दुखते तं."

विमलताईने तो हात पुन्हा धरला. "मंग मी कोन आहो, बाई? तू जित्ती असशीन, तं इतके दिवस इथं कोन होतं?"

खालून बायकांचा आवाज येत होता, "माय, दर्शन दे." तिने त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. मग उठून खिडकीशी गेली. खिडक्या बसवल्यापासून कधी उघडल्या नव्हत्या. कडी गंजली होती. तिने खांदा लावून जोर दिला, एकदा, पुन्हा, आणि लाल काचेची झडप करकरत बाहेर उघडली.

खालची गर्दी दबकून मागे हटली. मग कुणाला तरी दिसलं. खिडकीत एक काळीसावळी, म्हातारी होत चाललेली, लुगड्याला गाळ लागलेली बाई उभी होती. आणि तिच्या मागे खोली नव्हती. तिच्या मागे आभाळ होतं. संध्याकाळचं, तांबूस, मोकळं आभाळ, आणि त्यातून घराकडे परतणारे बगळे.

"मी बेबी," ती म्हणाली. "बरडीवर राह्यतो. मी इथं कधीच नव्हती. तुमाले हात दाखवे थे ही माही भावजय. तिले घेऊन जातो मी आता. वाट द्या."

सोनीबाई तोंडात पदर धरून आभाळाच्या त्या चौकोनाकडे बघत राहिली. चहावाल्याचा स्टो तेवढा फुरफुरत होता. गर्दीच्या कडेला सदाशिवराव उभे होते, कोट घातलेले, हातात पानाचा डबा. आजूबाजूचे लोक एकेक करून त्यांच्यापासून दूर सरकले. कुणी त्यांना एक शब्दही विचारला नाही. त्यांना आपल्याकडे बघितलेलं सहन झालं असतं. सगळ्यांनी नजर खाली घातली होती.

बाभुळगावला बातमी गेली. पुंडलिकरावांकडून पुन्हा काही निरोप आला नाही.

विमलताई आणि हंसा बरडीवर राहू लागल्या, पण विमलताईला माणसांत यायला बरेच महिने लागले. सुरुवातीला ती झोपडीच्या दारातही बसत नसे. कुणी दुरून येताना दिसलं, की उजवा हात आपोआप वर जाई, आणि मग ती तो हात दुसऱ्या हाताने खाली ओढी. रुखमाबाई तिच्याजवळ बसून मिरच्या निवडी आणि काहीबाही बोलत राही. उन्हाळ्यात बांधावर नवा थर चढवायचा होता. एक दिवस विमलताई आपणहून उठली, दगड उचलला आणि नाल्यात नेऊन ठेवला. डोमाजीने तो थोडा फिरवून नीट बसवला. "असा," तो म्हणाला. दुसरा दगड तिने तसा ठेवला. हंसा दुरून बघत होती. त्या रात्री ती आईच्या कुशीत निजली.

बाजारात बेबीताई स्वतः जाऊ लागली, तेव्हा तिच्याकडची मिरची कुणी घेईना. मेलेल्या बाईच्या हातचं, असं म्हणत. लोकांना खोटं कळलं होतं, पण तेरवी ते जेवले होते, आणि ते अन्न पोटातून निघत नव्हतं. सोनीबाई मात्र एकदा आली, खाली मान घालून पावशेर मिरची घेतली आणि निघून गेली. पुढच्या बाजाराला परत आली. वर्षादोन वर्षांत बरडीचा कापूस गावातल्या काळ्या जमिनीच्या बरोबरीने उतरू लागला. डोमाजीच्या वाट्याच्या पट्ट्यावर विहिरीला पाणी लागलं. हंसाचं लग्न राळेगावकडच्या एका घरात झालं. मांडव लहान होता, पण जेवणाला आपल्या वावरातली तूर होती.

सदाशिवराव त्या घरातच राहिले. आधी ट्रक गेला, मग मागच्या खोल्या जिनिंगवाल्याला गेल्या. तरी सकाळी कोट घालून ते ओट्यावर बसत.

एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत ते बरडीवर आले. फार वाळले होते. पायऱ्यांसारखी उतरत गेलेली ती वावरं, बांधाला टेकलेली तूर, विहिरीवर मोट हाकणारा डोमाजी, सगळं ते बांधाच्या अलीकडूनच पाहत राहिले. विमलताई कापूस वेचता वेचता थांबली, पण जवळ गेली नाही.

बेबीताई पाण्याचा तांब्या घेऊन बांधाशी आली. "उन्हातून आला. पाणी पे."

सदाशिवरावांनी तिच्याकडे पाहिलं. ते एक पाऊल मागे सरकले.

"राह्य इथंच," ती म्हणाली. "खालचा पट्टा नवा झाला. तुह्याच्यानं होईन तेवढं कर. कोनी काई म्हननार नाई."

"तुह्या हातचं कसं पेऊ, बाई?" ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "मी तुह्या अस्थी सोडल्या ना."

ती तांब्या पुढे धरून उभी राहिली. वारा सुटला होता आणि बोंडांतला कापूस उडून दोघांच्या मध्ये येत होता. सदाशिवरावांनी हात जोडले, अगदी मनापासून, डोळे मिटून, जसे माडीखाली उभं राहून लोक जोडत. मग ते वळले आणि उतार उतरून गेले.

दर वर्षी ते बहिणीचं श्राद्ध घालतात, असं डोमाजीच्या कानावर येई. घरात धान्य नसलं तरी घालतात, असंही. मग बेबीताई सुगीनंतर ज्वारीचं एक पोतं डोमाजीच्या बैलबंडीत घालून पाठवू लागली. छप्पनच्या आधी डोमाजीची सावलीही अंगावर पडू न देणारे सदाशिवराव आता त्याच्या हातचं पोतं दारात येऊन उतरवून घेत, त्याला ओट्यावर बसवत, चहा देत. ज्वारी कुठची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. डोमाजीही चहा पिऊन निमूट बंडी वळवी.